मशीनवरचं ॲप्लिक मधेच बिघडलं? फ्रेम उघडायच्या आधी हे वाचा

रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्या बारसं आहे. मशीनवर बाळाचं दुपटं चढवलंय. हत्तीचा एक कान पूर्ण झालाय, दुसऱ्याचं कापड कडेने कापायचं काम सुरू आहे. आणि कात्री चालवताना हाताला कळतं की आता जे कापलं गेलं ते वरचं कापड नव्हतं. खालचं होतं.

अशा वेळी आपला हात आपोआप फ्रेमचा स्क्रू सैल करायला जातो. सगळं काढावं, फेकून द्यावं आणि झोपावं, असं वाटतं. पण थांबा. ॲप्लिकचं काम मधे बिघडलं तरी ते बहुतेक वेळा वाचवता येतं. अट एकच, कापड फ्रेममध्येच राहिलं पाहिजे.

गेल्या काही महिन्यांत मशीन एम्ब्रॉयडरीबद्दल आपण बोललो, तेव्हा सुरुवात कशी करायची यावर भर होता. या वेळी सुरुवात करून झालेली आहे आणि अर्ध्यावर गाडी अडकली आहे, असं समजून चालू या.

आपल्या ओळखीचंच काम

ॲप्लिक म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार ठेवून तो कडेने शिवणं. नाव परकं असलं तरी काम आपल्या देशात जुनं आहे. ओडिशातलं पिपली गाव पुरीच्या जगन्नाथ रथयात्रेसाठी लागणाऱ्या या कामासाठी प्रसिद्ध आहे. गुजरातेत याला कटाब म्हणतात, बिहारमध्ये खटवा. उत्तर प्रदेशात अलीगढकडे फूलपत्तीचं नाजूक काम होतं. आपल्या गोधडीतही ठिगळावर ठिगळ बसतं, तेही याच घराण्यातलं.

झाशीचा संबंध थोडा वेगळा आहे. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये 'एक जिल्हा एक उत्पादन' योजना सुरू केली, त्यात झाशी जिल्ह्याचं उत्पादन आहे सॉफ्ट टॉइज, म्हणजे कापडी खेळणी. टेडीच्या पोटावरचं लाल हृदय किंवा सशाच्या कानातला गुलाबी तुकडा आठवा. तेही ॲप्लिकच. झाशीपासून फार लांब नसलेल्या चंदेरीच्या साड्या इथल्या मराठी घरांतल्या कपाटात असतातच. त्या विरल्या की आजीच्या साडीचा तुकडा नातवंडाच्या दुपट्यावर जातो. असा तुकडा बाजारात पुन्हा मिळत नाही, म्हणून तो बिघडला की जीव जास्त घाबरा होतो.

आधी मशीनचा हिशोब समजून घ्या

ॲप्लिकच्या डिझाइनमध्ये प्रत्येक आकारासाठी साधारण तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर मशीन थांबतं.

पहिला टप्पा खुणेच्या टिपेचा. कापड कुठे ठेवायचं ते ही टीप दाखवते. दुसरा टप्पा पकडटिपेचा. वर ठेवलेलं कापड या टिपेने जागेवर बसतं, मग आपण कडेने जास्तीचं कापड कापतो. तिसरा टप्पा सॅटिनचा, म्हणजे कडेवरून जाणारी जाड, भरीव शिलाई. ती साधारण तीन ते चार मिलिमीटर रुंद असते आणि कापलेली कड तिच्याखाली झाकली जाते.

चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते आधी बघा. सॅटिन सुरू व्हायच्या आधी लक्षात आली तर दुरुस्ती सोपी असते. सॅटिननंतर लक्षात आली तर काम वाढतं, पण तेव्हाही मार्ग असतात.

आणखी एक फरक पक्का लक्षात ठेवा. फ्रेम मशीनच्या हातावरून काढणं आणि कापड फ्रेममधून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल करा, कारण फ्रेम पुन्हा लावली की ती त्याच जागी बसते. दुसरी करू नका. कापड एकदा सुटलं की तीच जागा, तोच ताण पुन्हा मिळवायला फार कष्ट पडतात.

काही बिघडलं की सगळ्यात आधी मशीन थांबवा आणि मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. त्यावर कितवा रंग चालू आहे आणि कितवा टाका आहे ते दिसतं. पुढची सगळी दुरुस्ती या आकड्यांवर चालते.

कापड पूर्ण जागेवर पुरलंच नाही

पकडटीप मारून झाल्यावर दिसतं की एका कोपऱ्यात कापड कमी पडलंय आणि खुणेची टीप उघडी आहे. 'सॅटिनखाली जाईल' अशी आशा करू नका. जाणार नाही.

फ्रेम मशीनवरून काढा, उलटी करा आणि मागच्या बाजूने पकडटिपेचा प्रत्येक तिसरा-चौथा टाका टाके उसवायच्या हत्याराने तोडा. मग पुढून दोरा ओढला की तो सरळ निघून येतो. पुढच्या बाजूने उसवायला गेलात तर कापडाला ओरखडे पडतात. आता थोडा मोठा तुकडा ठेवा, फ्रेम लावा, स्क्रीनवर पकडटिपेच्या रंगाकडे परत जा आणि ती टीप पुन्हा मारा. पुढच्या वेळी तुकडा खुणेपेक्षा चारही बाजूंनी निदान दीड सेंटीमीटर मोठा घ्या.

कापताना पकडटीपच तुटली

हे खूप वेळा होतं आणि यात घाबरण्यासारखं काही नाही. उचललेली कड कापडाच्या गोंदाच्या एका थेंबाने बसवा, गोंद पूर्ण वाळू द्या आणि पकडटीप पुन्हा एकदा मारा. ओल्या गोंदावर सुई चालवू नका. ती चिकट होते आणि दोरा तुटायला लागतो.

सॅटिनमधून दोरे बाहेर डोकावतात

कापड पकडटिपेपासून एक ते दोन मिलिमीटरवर कापायचं असतं. त्याहून लांब ठेवलं की सॅटिनच्या बाहेर मिशा दिसतात. सॅटिन चालू असताना दिसल्या तर मशीन लगेच थांबवा, फ्रेम काढून टेबलावर सपाट ठेवा आणि पुढे राहिलेली कड नीट कापून घ्या. मांडीवर ठेवून कापू नका, फ्रेममधलं कापड दाबलं जाऊन सैल पडतं.

सॅटिन पूर्ण झाल्यावर दिसल्या तर बारीक टोकाच्या वाकड्या कात्रीने एकेक दोरा कापा. तरीही केसाएवढं काही उरलं तर सॅटिनच्या रंगाचा कापडावर चालणारा पेन हलकेच टेकवा. आधी कोपऱ्यात टाकाऊ तुकड्यावर तो पसरत नाही ना ते बघा.

चंदेरीसारखं विरळ कापड असेल तर अडचण वेगळी असते. ते कापलं की कडेचे दोरे सुटतच राहतात. म्हणून अशा तुकड्याला आधीच मागून इस्त्रीने चिकटणारं मऊ पेस्टिंग लावायचं. इस्त्री मंद ठेवा आणि मधे सुती कापड घाला. पेस्टिंग लावायला विसरलात आणि पकडटीप झालीसुद्धा? मग सॅटिनआधी कडेवरून कापडाच्या गोंदाची अगदी बारीक रेघ फिरवा, वाळू द्या आणि मग पुढे जा.

सॅटिन कडेवर बसलंच नाही

कधी कापड शिवताना थोडं सरकतं आणि सॅटिन एका बाजूला कड सोडून जातं. मधे फट दिसते. दुपटं अजून फ्रेममध्ये असेल तर बाणाच्या बटणांनी डिझाइन अर्धा ते एक मिलिमीटर फटीच्या बाजूला सरकवा आणि तेवढ्याच भागावरून सॅटिन पुन्हा चालवा. फ्रेम उघडून झाली असेल तर साध्या शिलाई मशीनवर त्याच रंगाच्या दोऱ्याने थोडं रुंद, दाट झिगझॅग मारा. फट फारच मोठी असेल तर त्यावर रंगीत दोरी ठेवून हाताने टाके घाला. ती मुद्दाम केलेली सजावट वाटते.

दोरा तुटला, बॉबिन संपलं, खाली जाळं झालं

दोरा तुटला की मशीन पुढचे काही टाके रिकामेच मारून थांबतं. दोरा पुन्हा ओवताना प्रेसर फूट वर असू द्या, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. मग टाके मागे न्यायच्या बटणाने दहा ते पंधरा टाके मागे जा आणि तिथून सुरू करा. सुरुवातीचे दोन-तीन टाके होईपर्यंत दोऱ्याचं टोक हातात धरा. बॉबिन संपल्यावरही हेच करायचं. दोरा वारंवार तुटत असेल तर सुई बदला. ॲप्लिकमध्ये दोन-तीन थर आणि पेस्टिंग असतं, त्यामुळे सुई लवकर बोथट होते. साध्या सुती कापडाला पंचाहत्तर नंबरची सुई पुरते, जाड थरांना नव्वद नंबरची लावून बघा. उघड्या खिडकीत वर्षभर पडलेला कोरडा दोरा असेल तर तो बाजूला ठेवलेलाच बरा.

वरच्या बाजूला बॉबिनचा पांढरा दोरा दिसत असेल तर लगेच ताणाचं बटण फिरवू नका. वरचा दोरा आणि बॉबिन दोन्ही काढून पुन्हा ओवा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर वरचा ताण थोडा कमी करा.

खाली दोऱ्याचं जाळं झालं आणि फ्रेम सुटेनाशी झाली, तर हिसका देऊ नका. प्रेसर फूट वर करा, सुई हाताने चाक फिरवून वर आणा आणि फ्रेम व सुईच्या पट्टीच्या फटीत बारीक कात्री घालून फक्त दोरे कापा. मग पट्टी उघडून आतला कचरा ब्रशने साफ करा.

कापड चुरगळून गोळा होतंय

टाक्यांभोवती सुरकुत्या दिसायला लागल्या की फ्रेममधलं कापड ओढून ताणायचा मोह होतो. ताणलं की तेवढ्यापुरतं सपाट दिसतं, पण फ्रेममधून काढल्यावर ते आक्रसून दुप्पट सुरकुत्या पडतात. त्याऐवजी फ्रेमच्या खाली स्टॅबिलायझरचा आणखी एक कागद सरकवा आणि वेग कमी करा. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला कापून काढायचा स्टॅबिलायझर हवा, फाडून काढायचा नको. आधीच पडलेल्या सुरकुत्या वाफेच्या इस्त्रीने कमी होतील, पूर्ण जातीलच असं नाही.

फरच्या खेळण्यावर किंवा टॉवेलवर काम करताना लव सॅटिनमधून वर येते. त्यावर आधी पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवायची असते. विसरलात तर आत्ता थांबा, फिल्म ठेवा, त्या सॅटिनच्या सुरुवातीला परत जा आणि ते पुन्हा चालवा. शेवटी फिल्म फाडून ओल्या कापडाने टिपून घ्या.

मधेच वीज गेली

उन्हाळ्यात हे कुठेही होऊ शकतं. वीज गेली की आधी मशीनचा स्विच बंद करा. हाताने चाक स्वतःकडे फिरवून सुई वर घ्या, प्रेसर फूट उचला आणि फ्रेम मशीनवरून काढून सपाट ठेवा. कारण वीज आल्यावर मशीन चालू केलं की फ्रेमचा हात आपली जागा शोधायला हलतो. त्या वेळी फ्रेम लावलेली आणि सुई कापडात असेल तर कापड फाटू शकतं.

काही मशीन काम कुठे थांबलं ते लक्षात ठेवतात. तुमचं ठेवतं का, ते पुस्तिकेत आजच बघून ठेवा. नसेल तर मघाशी काढलेला स्क्रीनचा फोटो उपयोगी पडतो. त्या टाक्यापर्यंत जा आणि चाक हाताने फिरवून सुई जुन्या भोकातच उतरते ना, ते बघा. हे निदान दोन ठिकाणी तपासा. एका ठिकाणी जुळलं आणि दुसरीकडे नाही, याचा अर्थ डिझाइन किंचित फिरलेलं आहे.

कापड फ्रेममधून सुटलंच असेल तर? फ्रेममध्ये नुसता नवा स्टॅबिलायझर लावा आणि त्यावर खुणेची टीप मारा. मग दुपट्यावरच्या आकाराच्या एका टोकातून टाचणी घालून ती खालच्या टिपेच्या त्याच टोकात उतरवा. दुसऱ्या टोकाला तसंच करा. दोन्ही जुळली की कापड कडेने टाचून घ्या, मधल्या टाचण्या काढा आणि पुढचं काम करा.

आणि खालचं कापडच कापलं गेलं तर

आता सुरुवातीच्या हत्तीकडे येऊ. तो हत्ती माझाच होता.

कान आजीच्या चंदेरीचा होता, मोतिया रंगाचा. जरीचा भाग बाळाला टोचेल म्हणून मी साडीचा मधला भाग घेतला होता आणि रंग न उडालेला तेवढाच तुकडा उरला होता. कात्री घाईत आडवी गेली आणि दुपट्याच्या पांढऱ्या सुती कापडाला कानाच्या बाहेर साधारण एक सेंटीमीटरचा काप पडला. मला दिसत होतं की सॅटिन तिथपर्यंत पोचणार नाही. फ्रेम उघडायला हात गेला तेव्हा आजी दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, आधी पाणी पी. मग बघू काय ते."

पाणी पिऊन आलं की डोकं चालतं. चंदेरीला काही झालेलं नव्हतं. कापलं गेलं होतं ते साधं कापड, आणि त्याच कापडाचे तुकडे टोपलीत पडले होते. मग मी काय केलं ते सांगते, कारण तुम्हालाही हेच करता येईल.

फ्रेम मशीनवरून काढली, कापड तसंच फ्रेममध्ये ठेवलं. ती टॉवेलच्या घडीवर उलटी ठेवली. कापाभोवतीचा स्टॅबिलायझर हलकेच बाजूला केला. पांढऱ्या कापडाचा दोन बोटं रुंद तुकडा घेऊन त्याला पेस्टिंग लावलं, कापाच्या दोन्ही कडा बोटाने जवळ आणल्या आणि मागून तो तुकडा इस्त्रीच्या टोकाने चिकटवला. फ्रेम प्लॅस्टिकची असते, तिला इस्त्री लागू देऊ नका. मग पुढच्या बाजूने एका पदरी दोऱ्याने पाच-सहा बारीक टाके घातले. खालून स्टॅबिलायझरचा एक जादा कागद सरकवला, फ्रेम लावली आणि कानाचं सॅटिन मंद वेगात पूर्ण केलं.

काप तरीही दिसत होता. तेव्हा त्यावर एक छोटं हिरवं पान ॲप्लिक केलं. एकटं पान विचित्र दिसलं असतं, म्हणून हत्तीच्या पायाशी आणखी दोन पानं घातली. शेवटी मागच्या सगळ्या टाक्यांवर मऊ पेस्टिंगचा थर लावला, कारण ती बाजू बाळाच्या अंगाला लागणार होती. रात्री एक वाजला.

काप सॅटिनच्या पट्टीतच पडला असेल तर काम याहून सोपं आहे. मागून तुकडा चिकटवा आणि सॅटिन चालवा, काही दिसणार नाही. काप आकाराच्या आत, ॲप्लिकच्या खाली असेल तर तो दिसणारच नाही, पण मागून तुकडा लावाच. नाहीतर धुतल्यावर तो वाढत जातो.

कधी उसवायचं, कधी सोडून द्यायचं

सॅटिन दाट असतं. ते उसवताना खालचं कापड विरळ होतं. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या चुकीसाठी सॅटिन उसवू नका. हातभर लांबून बघा. तिथून चूक दिसत नसेल तर ती फक्त तुम्हालाच माहीत आहे. पण कड उघडी असेल, दोरे सुटत असतील किंवा कापडाला काप असेल, तर कितीही लहान असलं तरी दुरुस्त करा. ते पहिल्या धुण्यातच वाढतं.

आणि पुन्हा न मिळणाऱ्या कापडाची एक सवय लावून घ्या. आजीच्या साडीचा तुकडा वापरण्याआधी तेच डिझाइन त्याच जाडीच्या जुन्या कापडावर एकदा पूर्ण काढा. तासभर जातो, पण कात्री कुठे अडते आणि सॅटिन कुठे कमी पडतं ते आधीच कळतं. सुती कापडं आधी धुऊन आक्रसवून घ्या. लाल किंवा गडद कापडाचा रंग जातो का, तेही बघा.

मशीनशेजारी एका डब्यात एवढं कायम ठेवा: बारीक टोकाची वाकडी कात्री, टाके उसवायचं हत्यार, दोन नव्या सुया, भरलेल्या दोन बॉबिन, पेस्टिंगचे तुकडे, कापडाचा गोंद, टाचण्या आणि स्टॅबिलायझरचे उरलेले कागद. कापण्यासाठी बदकाच्या चोचीसारखं रुंद पातं असलेली कात्री मिळाली तर जरूर घ्या. ते रुंद पातं दोन कापडांच्या मधे, खालच्या कापडावर सपाट टेकवायचं. खालचं कापड त्याच्या आड सुरक्षित राहतं. माझ्याकडे त्या रात्री ती नव्हती.

झाशीत नेवाळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाई आणि गंगाधरराव यांचं लग्न लागलं, तिथे बारशाच्या दिवशी आधी बाळाला दर्शनाला नेलं, त्याच दुपट्यात गुंडाळून. परत आल्यावर पाळण्यापाशी एका मावशींनी दुपटं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ही पानं किती छान. डिझाइनमध्येच होती का?"

मी आजीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नव्हती. रात्री उगवली."